सिरीयस आहेत, निघा

आमच्या घराण्यात मरणाचा निरोप द्यायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमलं नाही, पण तीसेक वर्षं झाली, कुणी गेलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मी चष्मा लावते, नंबरांची वही काढते आणि फोनपाशी बसते. बोलायचं काय ते ठरलेलं असतं. ‘सिरीयस आहेत, निघा.’ गेले असं म्हणायचं नाही. ज्याला लांबून यायचंय त्याला तर नाहीच नाही.

गंमत म्हणजे हा शब्द मी पोटासाठी शिकवलेला आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रोज सकाळी नाशिकहून एसटी, संध्याकाळी परत एसटी. सिरीयस म्हणजे गंभीर, असं फळ्यावर लिहायचे, आणि दर वर्षी तेच व्हायचं. पोरं ‘गंभीर’कडे बघत बसायची. गंभीर हा शब्द त्यांच्या घरी कुणी वापरत नव्हतं. सिरीयस मात्र सगळे वापरत होते, पार शेळीच्या आजारापर्यंत. म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायला मी मराठी शब्द वापरायचे आणि त्या मराठी शब्दाचा अर्थ सांगायला परत इंग्रजी शब्दाकडे यायचे. याला पगार मिळत होता.

किती तऱ्हेने वापरतात लोक हा शब्द! पालकसभेत आई सांगते, पोरगं अभ्यासात सिरीयस नाही. कॉलेजातल्या जोडीबद्दल मावशी आवाज खाली करून सांगते, दोघं सिरीयस आहेत म्हणे. स्थळाच्या चौकशीत ‘मुलगा एकदम सिरीयस आहे’ असं कळलं तर समजावं की तो दारू पीत नाही, हसत नाही आणि बहुतेक बोलतही नाही. द्राक्षांच्या छाटणीनंतर नको तेव्हा पाऊस पडला की बागायतदार एकमेकांना सांगतात, ‘मॅटर शिरेस हाय.’ ‘सिरीयसली सांगतेय’ असं कुणी म्हणालं की मी ओळखते, आत्तापर्यंतच्या थापा होत्या. पण मागेपुढे काही न लावता नुसतं ‘ते सिरीयस आहेत’ म्हटलं, की आपल्याकडचा माणूस चप्पल शोधायला लागतो.

एकदा आठवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, माझे आजोबा सोमवारी सिरीयस झाले, म्हणून बाबांनी टक्कल केलं. इंग्रजीत लिहिलं होतं, आणि व्याकरण अगदी बरोबर होतं. मी लाल पेनने सिरीयस खोडून वर ‘वारले’चा इंग्रजी शब्द लिहिला. शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र वाटलं, आपण चूक कसली दुरुस्त केली? तिच्या घरी तो फोन माझ्यासारख्याच कुणीतरी केला असणार.

हे काम माझ्या गळ्यात पडलं त्याला कारण फोन. सगळ्या भावकीत पहिला फोन आमच्या इंदिरानगरच्या घरी आला. वर्षभरातच यांचे चुलते गेले. सासरची मंडळी दिंडोरीजवळच्या गावात, नातेवाईक चहूकडे पांगलेले, आणि नंबर फिरवता येणारी, इंग्रजी येणारी सून मी. मला वाटलं, गेल्याचं सांगायचं, त्यात काय. पहिलाच फोन करायला बसले तर तेव्हा आमच्याकडे आलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातला रिसीव्हर धरला.

“गेले म्हनू नको. शिरेस सांग.”

“का? खोटं कशाला?”

“पोरी, रस्त्यात मानूस मोडला तर त्याला कोन सावरील? घरी येऊन मोडू दे. हितं धरायला धा हात हायेत.”

सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. इंग्रजीतले त्यांना येत असलेले शब्द बोटांवर मोजण्याइतके, पण हा एक त्यांनी असा वापरायला लावला की मला वाद घालता आला नाही.

मग हळूहळू त्यातल्या खाचाखोचा कळत गेल्या. आधी विचारायचं, घरात आणखी कोण आहे. जावई किंवा शेजारी असला तर त्याला फोनवर बोलवायचं, त्याला खरं सांगायचं आणि बजावायचं, तिला कळू देऊ नका. मग तिच्याशी बोलायचं. पोटात चार घास घालून निघा म्हणायचं, कारण इथे आल्यावर अंत्यविधी होईपर्यंत कुणी पाणीसुद्धा विचारणार नसतं. ‘बोलतायत का?’ असं विचारलं तर ‘ग्लानीत आहेत’. ‘कुठल्या दवाखान्यात?’ तर ‘थेट घरीच या, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय’. यातलं ‘घरीच या’ म्हणताना फार जपावं लागतं. जाणत्या माणसाला तिथेच कळतं. मग तोही कळलं नाही असं दाखवतो आणि ‘बरं बरं, निघतोच’ म्हणतो. दोघंही एकमेकांचा मान राखतात.

मी या कामात तरबेज झाले, हे मला सांगायलाच हवं. माझा आवाज हलायचा नाही. ‘किती धीराचा आवाज आहे गं तुझा,’ असं बायका म्हणायच्या आणि पुढचा नंबर वाचून दाखवायच्या. घरातल्या एकाही मयताला मी वेळेवर रडल्याचं मला आठवत नाही. मी फोनवर असायचे.

माझी एकुलती एक नणंद सोलापूरला दिलेली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मी ताई म्हणते आणि त्या मला वहिनी म्हणतात. माहेरपणाला आल्या की आमच्याच घरी राहायच्या. रात्रीची भांडी झाली की आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून नवऱ्यांची उणीदुणी काढायचो. बहीण नसलेल्या बाईला नणंद अशी मिळाली तर आणखी काय हवं.

माझे सासरे, म्हणजे ताईंचे दादा, गेले ते गावी, सकाळी सहाला. फारसे आजारी नव्हते. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे घरघर, आणि संपलं. आम्ही सगळे तिथेच होतो. साडेसहाला मी मोबाईल घेऊन अंगणात गेले. आधी जावईबापूंना गाठलं, खरं सांगितलं. ते म्हणाले, “बरं. देतो हिच्याकडे.” मग ताई आल्या.

“ताई, दादा सिरीयस आहेत. निघा.”

“बोलतायत का?”

“ग्लानीत आहेत.”

“त्यांना सांगा मी निघाले म्हणून.”

“सांगते.”

करमाळ्याहून त्यांचा फोन आला, दहा वाजता. सलाईन लावलंय का, विचारत होत्या. मी म्हटलं, लावलंय. इकडे सासऱ्यांना अंघोळ घालून ओसरीत निजवलं होतं, तोंडात तुळशीपत्र, नाकात कापूस. नगरला पोचल्यावर परत फोन आला. बारा वाजून गेले होते.

“वहिनी, फोन त्यांच्या कानाला लावा. मला दोन शब्द बोलायचेत. ऐकू येतं म्हणतात ग्लानीत.”

मी काय करायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. रेंज नाही म्हणता आलं असतं. डॉक्टर आत आहेत म्हणता आलं असतं. तीस थापा मला तोंडपाठ होत्या, त्यातली एकही आठवली नाही. ओसरीत वीस-पंचवीस बाया बसल्या होत्या, रडणं चालू होतं. मी हात वर केला. वर्ग गप्प करायची सवय होती, सगळ्या गप्प झाल्या. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मी खाली बसले आणि फोन सासऱ्यांच्या कानाला लावला.

ताई बोलत होत्या. फोनमधून आवाज बाहेर येत होता, सगळ्यांना ऐकू येत होता. “दादा, मी नगरला आले. दिवाळीला यायला पाहिजे होतं, नाही आले, चुकलं माझं. तुम्ही धीर सोडू नका. मी आलेच.” आणखीही बरंच काही, लहानपणचं, ते मी इथे लिहिणार नाही. तीन-चार मिनिटं. माझा हात त्यांच्या गालाला लागत होता आणि गाल गार होता. शेवटी ताईंनी विचारलं, “वहिनी, काही हललं का?” मी म्हटलं, “पापणी हलली.”

हे मी का म्हटलं? कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं, एवढंच.

ताई साडेतीनला पोचल्या. गल्लीच्या तोंडाशी टोप्या काढून बसलेली माणसं दिसली आणि त्यांना कळलं. गाडीतून उतरताना त्या खाली बसल्या, आणि धरायला दहा काय, वीस हात होते. सासूबाईंचं खरं होतं. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं.

दहाव्याला नदीवरून परत आल्यावर ताई मला मागच्या दारी घेऊन गेल्या. “दादा किती वाजता गेले?” त्यांनी विचारलं. त्यांना कुणीतरी बोलता बोलता सांगितलं असावं, किंवा त्यांनीच त्या दहा दिवसांत जुळवलं असावं. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

“सकाळी सहाला.”

“म्हणजे मी नगरहून बोलले तेव्हा—”

“हो.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलत होत्या. “वीस बायांनी ऐकलं ना ते? माझ्या बापाशी माझं जे होतं ते? आणि हे शेजारी बसून होते, आठ तास. मला बिस्किटं देत होते. मी देवाला किती विनवलं, वहिनी. कशासाठी विनवत होते मी? आणि तुम्ही म्हणालात पापणी हलली. तिथून सिन्नरपर्यंत मी हसत होते, वेड्यासारखी.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

“यांचं मला काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही! यापुढे मला सिरीयस म्हणायचं नाही. गेलं तर गेलं म्हणायचं. मी रस्ताभर रडेन, गाडी थांबवून रडेन, पण ते खरं तरी असेल. शब्द द्या.”

मी शब्द दिला. त्यानंतर दोन वर्षं ताई माहेरपणाला आल्या त्या मोठ्या दिरांकडे, गावी राहिल्या. इंदिरानगरला फक्त दुपारी जेवायला येऊन जायच्या. ओट्याशी उभं राहणं संपलं. मी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, येतील, येतील, बायकांचं असंच असतं. पेपर उलटला.

त्या परत बोलायला लागल्या त्या स्वतःच्या संकटात. जावईबापू अचानक गेले, दुपारी, दुकानात बसल्या बसल्या. मी वर्गावरून शिक्षकांच्या खोलीत आले होते. फोन वाजला. “वहिनी, हे गेले,” ताई म्हणाल्या. बस्स. इतकी वर्षं मी फोनच्या ज्या बाजूला होते, तिथून पलीकडे फेकले गेले. नाशिकहून सोलापूरपर्यंत आम्ही दोघं गाडीत बसून होतो आणि आम्हाला माहीत होतं. विचारायला काही नव्हतं, फोन करायलाही काही नव्हतं. वाटेत चहाला उतरलो तर यांनी नेहमीप्रमाणे बशीत ओतून प्यायला, आणि मला त्यांचा इतका राग आला की मी पाठ फिरवली. आठ तासांचा रस्ता, आणि पलीकडे जे आहे ते आहेच. तेव्हा मला सासूबाईंचंही पटलं आणि ताईंचंही. दोन्ही पटलं की माणूस फार थकतो.

सासूबाई शेवटची चार वर्षं माझ्याकडे होत्या. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. गावच्या घरी पायऱ्या, संडास अंगणात, म्हणून इंदिरानगरला आणलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणजे सगळ्यांच्या मते मोकळी होते. त्या चार वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. कूस बदलायची, चादर बदलायची, भरवायचं, पुसायचं, परत कूस बदलायची. लोक भेटायला यायचे, ‘फार पुण्य लागतं हो’ म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. पुण्य माझ्या कमरेत साठत होतं. रोज संध्याकाळी सहाला ताई व्हिडिओ कॉल करायच्या. मी फोन सासूबाईंच्या तोंडासमोर धरून उभी राहायचे, हात भरून येईपर्यंत. सासूबाई लेकीला रोज एकच विचारायच्या, “जेवलीस का?” संध्याकाळी सहाला.

एकदा दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. बोलणं तोंड वाकडं झाल्यामुळे अडखळत यायचं, पण डोकं ठिकाणावर होतं.

“मी गेल्यावं तिला काय सांगशील?”

“आई, काय हे.”

“सांग ना.”

मी म्हटलं, खरं सांगेन. ताईंना शब्द दिलाय.

“नाय.” त्यांनी मान हलवली. “आता कोन हाय तिच्यासंगं गाडीत? जावई हाय का? लेक परदेशात. डायवरासंगं येईल ती. एकली. शिरेस सांग.”

“त्या मला कधी माफ करणार नाहीत.”

“नको करू दे,” सासूबाई म्हणाल्या. “माझी लेक रस्त्यात मोडली नाय पायजे. कबूल कर.”

म्हातारीने उजव्या हाताने माझं मनगट धरलं होतं. त्या हातात भलतीच ताकद होती. मी कबूल केलं. दुसरं काय करणार? लेकीला एक शब्द दिला होता, आईला त्याच्या उलटा दिला, आणि परत फणी हातात घेतली. मला त्या दिवशी दोघींचाही मनापासून संताप आला. तुमचं मायलेकींचं तुम्ही आपसात ठरवा ना! रोज सहाला बोलता, तेव्हा ठरवा. मला मध्ये कशाला घालता? पण असं कुणी ठरवत नाही. जेवलीस का, एवढंच विचारतात.

त्यानंतर मी ते मनात पुष्कळ घोळवलं. भाजी निवडताना, दळण टाकायला जाताना. कधी वाटायचं, ताई आता साठीच्या आहेत, नवरा गमावलाय, त्यांना खरं पेलेल. कधी वाटायचं, वाटेत काही झालं तर? मग वर गेल्यावर सासूबाईंना तोंड दाखवायचं नाही हे तर आलंच, पण मीच मला कसं दाखवू? आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते याचं, की ताई परत ओट्याशी उभ्या राहायला लागल्या होत्या. मला ते पुन्हा घालवायचं नव्हतं. हा माझा स्वार्थ होता, आणि तो मी लपवत नाही.

माघातल्या एका सकाळी मी सासूबाईंना चमच्याने चहा पाजत होते. दोन चमचे गेले. तिसरा ओठांवरून खाली आला. मी टॉवेलने पुसला, म्हटलं, आई, गिळा. मग डोळ्यांकडे बघितलं. सव्वासात वाजले होते. हे अंघोळीला गेले होते. मी बादलीचा आवाज ऐकत तशीच बसून राहिले, चमचा हातात धरून. रडू आलं नाही. खरं सांगू का, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की आता आज कूस बदलायची नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच आलं.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले. हे गादीच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा मोबाईल उचलून माझ्याकडे घेतला. कारण आता जुना काळ राहिलेला नाही. घरचा ग्रुप आहे, त्यात साठ-सत्तर माणसं. मोठे दीर फोन वापरायला उशिरा शिकले, पण शिकले ते असे, की कुणी गेलं की फोटो, हार, पणती आणि हात जोडलेले, सगळं पाच मिनिटांत टाकतात. मागे एका आत्येसासूबाईंच्या वेळी त्यांची लेक बसमध्ये होती, आणि तिला आईच्या फोटोवरचा हार ग्रुपवर दिसला. तेव्हापासून मला धसका आहे. मी यांना म्हटलं, “भावजींना दहा मिनिटं फोन करायचा नाही. आधी ताई.”

“काय सांगणार आहेस?” यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

मी बाल्कनीत गेले. खाली दूधवाल्याची गाडी उभी होती. नंबर लावला. ताईंनी उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे त्या स्वयंपाकघरात होत्या.

“बोला वहिनी. इतक्या सकाळी?”

सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं ती जागा मला जाणवत होती. आणि तरीही मी म्हटलं, “ताई, आई गेल्या. आत्ता, सव्वासातला. चहा पिता पिता.”

आणखी एक शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खटका.

“त्रास झाला का?”

“नाही. मी जवळ होते.”

“बरं.” ओट्यावर भांडं सरकवल्याचा आवाज आला. “गाडी सांगते. साडेतीनपर्यंत पोचेन. तोवर ठेवा.”

“ठेवतो. तुम्ही सावकाश या.”

मला वाटलं फोन ठेवतील. मी म्हातारीला दिलेला शब्द मोडला होता, पण हे तरी नीट पार पडलं, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “वहिनी.”

“हं.”

“मला सिरीयस म्हणा.”

मला कळेना.

“तुम्ही शब्द पाळलात. मला कळलंय, सगळं कळलंय. पण आठ तास आहेत वहिनी, आणि गाडीत मी एकटी आहे.” इथे त्यांचा आवाज फाटला. “एकदा म्हणा. मी निघते तेवढ्यावर.”

मी चिडायला हवं होतं. या एका शब्दापायी दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला होता या बाईने. चार वर्षं मी आईंच्या बाबतीत तो शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता, डॉक्टरांशी बोलतानासुद्धा. पण चिडायलाही अंगात काही लागतं. मी कठड्याला टेकले आणि गेली तीस वर्षं ज्या आवाजात म्हणत आले त्याच आवाजात म्हटलं, “ताई, आई सिरीयस आहेत. निघा.”

“बोलतेय का?”

“ग्लानीत आहेत.”

“दवाखान्यात न्यायचं का?”

“नको. डॉक्टर म्हणाले, घरीच असू द्या.”

“काही घेतलं का तिने?”

“दोन चमचे चहा घेतला,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” ताई म्हणाल्या. “निघालेच मी.”

वाटेत त्यांचे तीन फोन आले. पहिल्यांदा विचारलं, ताप आहे का. मी म्हटलं, नाही, अंग गार आहे. मग विचारलं, झोपलीय का. म्हटलं, हो, शांत झोपल्यात. खोलीत माणसं जमली होती, बायका माझ्याकडे बघत होत्या. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “तिला ठावं नाय का अजून?” मी म्हटलं, ठाऊक आहे. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. यांनी मला दारात गाठून विचारलं, हे काय चाललंय तुमचं? मी म्हटलं, तुम्ही भावजींचा फोन तेवढा सांभाळा, ग्रुपवर काही जायला नको. तिसरा फोन आला तो तीनच्या सुमाराला, गाडी सिन्नरच्या आसपास असेल तेव्हा. त्यात ताई काही बोलल्याच नाहीत. नुसता गाडीचा आवाज येत होता. मीही फोन कानाला लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने तो तिकडून बंद झाला.

साडेतीनच्या आधीच त्या पोचल्या. जिना एकट्या चढून आल्या, कुणाला धरू दिलं नाही. माणसांनी वाट दिली. त्या आईच्या उशाशी बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला, केस मागे सारले. आम्हाला वाटलं आता हंबरडा फोडतील. त्यांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “सिन्नरपर्यंत आई होती.”

माझ्या हातात फोन होता, आणखी चार जणांना कळवायचं राहिलं होतं. तो मी जाऊबाईंच्या हातात दिला, ताईंच्या शेजारी खाली बसले आणि रडले.